आठ महिने, एक सायकल कॉम्प्युटर आणि नखाएवढं झाकण

आधी झाकणाचं सांगते, कारण हे लिहायला बसले ती त्याच्यामुळेच.

माझ्या सायकल कॉम्प्युटरच्या, म्हणजे हँडलबारवर बसवून नकाशा आणि वेग बघायच्या छोट्या यंत्राच्या पाठीमागे, खालच्या कडेला चार्जिंगचं यूएसबी-सी छिद्र आहे आणि त्यावर अंगठ्याच्या नखाएवढं काळं रबरी झाकण. शेवयीएवढ्या जाडीच्या रबरी दांडीने ते यंत्राला जोडलेलं असतं. चार्जिंगच्या वेळी नखाने उचकटायचं, बाजूला वळवायचं, झालं की परत दाबायचं. आठवड्यातून दोनदा. सातव्या महिन्यात दांडी तुटली आणि झाकण हातात आलं. दोन दिवस तसंच दाबून चालवलं. तिसऱ्या दिवशी खडबडीत रस्त्यावर कुठेतरी पडलं. सायकलवरून उतरून मी चारशे मीटर मागे चालत गेले, रस्त्याकडे बघत. काळ्या डांबरावर काळं रबर. सापडलं नाही.

कंपनीला लिहिलं. वॉरंटी एक वर्षाची, म्हणजे मी आत होते. उत्तर आलं की झाकण हा 'वापराने झिजणारा भाग' आहे, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही. बरं, मग सुटं विकत द्या. सुटं मिळत नाही. मग काय करायचं? मागची अख्खी केस बदलावी लागेल, खर्च नव्या यंत्राच्या साधारण एक तृतीयांश, आणि यंत्र तीन आठवडे त्यांच्याकडे राहील. पुढची ओळ तर कळसच होती: झाकणाशिवाय वापरून पाणी आत गेलं तर उरलेली वॉरंटीही रद्द समजावी. म्हणजे जो भाग झिजणार हे त्यांना आधीपासून माहीत आहे, जो ते विकत नाहीत, त्याच भागावर सगळी वॉरंटी टांगलेली.

डब्यावर आयपीएक्स७ असं ठळक छापलंय. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडलं तरी चालेल. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'झाकण घट्ट बसवलेले असल्यास' असं आहे, तेही मला झाकण हरवल्यावर दिसलं. बाजारात काही यंत्रांचं छिद्रच मुळात पाणीरोधक असतं, झाकण असो वा नसो. घेण्याआधी एवढी एक गोष्ट बघा. पडद्याचा आकार, रंग, सेन्सर हे सगळं नंतर.

आता यंत्राबद्दल. बॅटरी, पडदा, वजन यांचे आकडे सगळीकडे लिहिलेले आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. मी ते घेतलं ते नवीन शहरात आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. कामासाठी आले, ओळखीचं कुणी नाही, सायकल मात्र बरोबर आणलेली. जुन्या शहरात मला कुठली गल्ली कुठे निघते हे झोपेतही सांगता आलं असतं. इथे पहिल्या रविवारी घरापासून दोन किलोमीटरवर हरवले. दर चौकात थांबून खिशातून फोन काढायचा, घामेजलेल्या बोटांनी पडदा उघडायचा, दिशा बघायची, परत खिशात. चार चौकांतच वैताग आला. हँडलबारवर नकाशा हवा, एवढ्याच एका कारणासाठी एरवी केली नसती अशी चैन केली.

पहिले दोन महिने माझं मत स्पष्ट होतं: पैसे वाया. तेव्हा लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

ऑफिसचा रस्ता मागितला. यंत्राने मोठ्या रस्त्यावरून काढून एका शांत गल्लीत घातलं, तिथून टेकडीच्या पोटातून, आणि मग मला एका जिन्यासमोर उभं केलं. बासष्ट पायऱ्या. मोजल्या, कारण सायकल खांद्यावर घेऊन चढले. मागे वळून दुसरा रस्ता धरायचा तर वेळ नव्हता, आणि यंत्र सारखं 'सरळ जा' म्हणत होतं. मग एकदा एकेरी रस्त्यात उलट्या बाजूने घातलं. एकदा कुलूपबंद फाटकापाशी नेलं. वळण चुकलं की ते 'टिंव टिंव' करतं आणि परत फिरायला सांगतं, तुम्ही मुद्दाम दुसरीकडे वळला असाल तरी. हा आवाज बंद करण्याची सोय आहे हे मला चौथ्या महिन्यात कळलं. तीन मेनू आत, 'सूचना'मध्ये नाही, 'मार्ग'मध्येही नाही, 'प्रगत'मध्ये. कुणाच्या डोक्यातून ही जागा निघाली देव जाणे.

जिन्याची तक्रारही कंपनीला कळवली होती. तेव्हाचं उत्तर मात्र उपयोगी निघालं, बहुधा चुकून. नकाशा आमचा नाही, ओपनस्ट्रीटमॅपचा आहे, तिथे दुरुस्ती करता येते, असं लिहिलं होतं. आधी मला ही जबाबदारी झटकण्याची पद्धत वाटली. रात्री उत्सुकता म्हणून उघडून बघितलं.

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे २००४ साली सुरू झालेला, कुणालाही भर घालता येईल असा जगाचा नकाशा. सायकल कॉम्प्युटरांमधले बहुतेक नकाशे त्यातूनच निघतात, फक्त ज्याचा त्याचा रंग वेगळा. खातं उघडलं की ब्राउझरमध्येच संपादन करता येतं. माझ्या जिन्याच्या जागी एक साधी रेघ होती, तिच्यावर 'पायवाट' असं लिहिलेलं आणि सायकलला परवानगी. रेघेचा प्रकार बदलून 'पायऱ्या' केला, संख्या ६२ भरली. पाच मिनिटांचं काम. फोनमधल्या एका मार्गदर्शक ॲपने काही दिवसांतच तो रस्ता सुचवणं बंद केलं. यंत्रात मात्र कंपनी नकाशा काही महिन्यांनी एकदा पाठवते, तोपर्यंत ते इमानेइतबारे मला जिन्याकडेच नेत राहिलं.

मग नादच लागला. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं एक अँड्रॉइड ॲप आहे, फुकट. तुम्ही जिथे उभे आहात तिथले छोटे छोटे प्रश्न ते विचारतं: हा रस्ता डांबरी की फरसबंदी? इथे रात्री दिवे असतात का? या सायकल स्टँडवर किती सायकली मावतात? उत्तर दिलं की थेट नकाशात जातं. दुसऱ्या कुठल्या व्यापारी नकाशावरून नावं उतरवायची नाहीत हा तिथला कडक नियम, कारण तो कॉपीराइटचा मामला आहे. जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तेच भरायचं. त्यामुळे मी गल्लीच्या तोंडाशी थांबून पाट्या वाचायला लागले. पाटी नसेल तर पुढच्या टोकाला जाऊन बघायचं. झाडामागे लपलेली पाटी, कुणाच्या कुंपणात गेलेली पाटी, दोन टोकांना दोन वेगळी स्पेलिंगं असलेली पाटी. आता ऑफिसात कुणी पत्ता सांगायला लागलं की मी मध्येच 'ती का, खड्ड्यांची गल्ली' म्हणते. ते इथलेच, आणि त्यांना ती माहीत नसते.

एक घोडचूकही केली. एका रस्त्यावर अडथळे लावलेले दिसले म्हणून मी तिथे 'सायकलला बंदी' असं ठोकून दिलं. चार दिवसांत कुणा अनोळखी नकाशेवाल्याची टिप्पणी आली, अगदी सभ्यपणे: हे पाइपलाइनचं काम दोन आठवड्यांत संपणार आहे, तात्पुरत्या गोष्टी आपण शक्यतो भरत नाही, परत उघडलं तर चालेल का? मी लाजून उघडलं. या शहरात माझ्याशी स्वतःहून बोललेला तो ऑफिसबाहेरचा पहिला माणूस. रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा एक गट निघतो, हेही त्याच्याचकडून कळलं. आता मी त्यांच्यात असते, शेवटून दुसरी.

तर मत बदललं ते असं. वाट दाखवायचं काम हे यंत्र अजूनही मध्यमच करतं. त्याची खरी कमाई म्हणजे नोंद. दर फेरीची रेघ ते साठवतं. घरी येऊन सगळ्या रेघा एका नकाशावर टाकल्या की शहराचे कुठले भाग कोरे आहेत ते उघड दिसतं. महिन्यातून एकदा मी त्यातला एक कोरा तुकडा निवडते आणि तिकडे जाते. पूर्वेकडचा कारखान्यांचा पट्टा, नदीच्या पलीकडची बाजू, रेल्वेच्या मागचा भाग. एरवी तिकडे जायचं काहीच कारण नव्हतं.

रेघा ऑनलाइन टाकत असाल तर एक सेटिंग आधी करा. घराभोवतीचा काही भाग लपवण्याची सोय बहुतेक ॲप्समध्ये असते. स्ट्राव्हा हे धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणारं ॲप. २०१८च्या जानेवारीत त्याच्या हीटमॅपवरून, म्हणजे सगळ्यांच्या रेघा एकत्र दाखवणाऱ्या नकाशावरून, निर्जन भागातल्या लष्करी तळांचे आतले रस्ते जगाला दिसले होते. सैनिकांनी फक्त धावण्याची नोंद ठेवली होती, बाकी काही केलं नव्हतं. नव्या शहरात एकटी राहणारी बाई रोज सकाळी सहाला कुठल्या फाटकातून निघते, हे कुणाला कळायची गरज नाही.

उंच इमारतींच्या भागात माझी रेघ दारूड्यासारखी झुलते. उपग्रहांचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि यंत्र फसतं. एल१ आणि एल५ अशा दोन वारंवारिता ऐकणारी यंत्रं तिथे बरी चालतात. माझं एकच ऐकतं. मला त्याने फरक पडत नाही, त्यापायी जास्त पैसे घालवू नका. वेग अचूक हवा असेल तर चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, लावायचा सेन्सर घ्या. त्यात नाण्यासारखा साधा सीआर२०३२ सेल लागतो, माझा अजून पहिलाच आहे.

चढाचा आकडा मात्र मला मनापासून आवडतो. उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की यंत्राला वाटतं आपण साधारण ८ मीटर वर आलो. वादळी पावसाच्या आदल्या रात्री टेबलावर ठेवलेलं यंत्र सकाळी बघितलं तर ४० मीटर 'चढलेलं'. आधी बिघाड समजले, आता त्यावरून छत्री घ्यायची की नाही ते ठरवते. त्या दाबाचं बारीक छिद्र पावसात पाण्याने बुजतं आणि उंची एका आकड्यावर अडकून बसते. फुंकर मारायची नाही, टिशूचं टोक लावून पाणी टिपून घ्यायचं. याच आकड्यामुळे कळलं की ऑफिसचा जवळचा रस्ता दीड किलोमीटरने कमी आहे पण त्यात ७० मीटर चढ जास्त आहे. जाताना लांबचा, येताना जवळचा.

बॅटरी डब्यावर २० तास. नकाशा आणि पडद्याचा दिवा चालू ठेवून मला बारा-तेरा मिळतात. पुरते.

आणि झाकण. एक तृतीयांश किंमत द्यायची नाही हे पहिल्या मिनिटालाच ठरलं होतं. पंक्चर होऊन बाद झालेली एक जुनी ट्यूब होती, तिचा तुकडा कापला. पहिला मोठा झाला, दुसरा छोटा, तिसरा बसला. आतल्या बाजूला तुकड्याचंच एक बोंड चिकटवलं, पंक्चरच्या सोल्यूशनने. बोंड छिद्रात घट्ट रुततं. दोनदा पावसात भिजूनही टिकलं ते. चार्जिंगआधी छिद्र कोरडं आहे ना ते टॉर्चने बघते, कारण ओल्या संपर्कात वीज गेली की पिना गंजतात. कंपनीला फोटो पाठवला. 'अनधिकृत बदल' असं उत्तर आलं.

घ्यावं का? नवीन गावात आला असाल आणि फिरायची खाज असेल तर घ्या, जुनं मॉडेल, सवलतीत. नेहमीच्या एकाच रस्त्यावरून जाणार असाल तर फोनचा होल्डर घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले टायर.

परवा कंपनीचा नवा नकाशा आला. पहिल्यांदा माझा जिना बघितला. पायऱ्या म्हणून दिसतो, रस्ता आता तिकडून नेत नाही. मग ब्राउझरमध्ये मूळ नोंद उघडली तर माझ्यानंतर कुणीतरी तिला हात लावला होता. जिन्याच्या डाव्या कडेला सायकल ढकलण्यासाठी उतरता पट्टा आहे, अशी भर. मी चिडले. बासष्ट पायऱ्या मी स्वतः मोजल्या होत्या, पट्टा असता तर दिसला नसता का?

शनिवारी मुद्दाम गेले. आहे. वीतभर रुंद सिमेंटची पन्हळ, वाळलेल्या पानांनी भरलेली. पाय मारून पानं उडवली, चाकं त्यात घातली आणि सायकल ढकलत वर नेली. वर पोचल्यावर यंत्र उलटं करून बघितलं तर ट्यूबचा तुकडा पडलेला. खाली शोधायला गेले नाही. त्या ट्यूबमधून अजून तीसेक तरी निघतील.