मुलवाड ब्राउझर: काही महिने रोज वापरल्यावर

साइटींना आपलं मशीन ओळखू न देणारा मुलवाड ब्राउझर गेल्या पावसाळ्यापासून रोज वापरतेय. निकाल आधीच सांगून टाकते: वाचायला आणि शोधाशोध करायला झकास, लॉगिन करायचं असेल तर डोक्याला ताप. आणि मराठीत काम करणाऱ्याला त्याचा उपयोग इतरांपेक्षा जास्त आहे, असं माझं मत झालंय.

इन्कॉग्निटो उघडलं किंवा व्हीपीएन (आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांक, बदलून देणारी सेवा) घेतला की आपल्याला कोणी ओळखत नाही, हा समज अजून घट्ट आहे. कुकी पुसा, आयपी पत्ता बदला, तरी स्क्रीनचा आकार, टाइम झोन, भाषा, ग्राफिक्स कार्ड, बसवलेले फॉन्ट हे सगळं ब्राउझर साइटला सांगतच असतो. एकेक बाब किरकोळ, पण सगळ्या जुळवल्या की माणूस नाही तरी मशीन सापडू शकतं. यालाच फिंगरप्रिंटिंग, म्हणजे ब्राउझरचे ठसे घेणं, म्हणतात. कुकी निदान पुसता येते, याचं काय पुसणार?

माझा धंदा डीटीपीचा. लॅपटॉपवर श्री-लिपी आहे, कृतिदेव आहे, मुक्ता आणि बालू आहेत, शिवाय गिऱ्हाइकांनी पेन ड्राइव्हवरून आणून दिलेले कुठकुठले फॉन्ट. ब्राउझरची पहिली भाषा मराठी. साइटला फॉन्टांची यादी आयती मिळत नाही, पण काढायची युक्ती अगदी साधी आहे. पानावर न दिसणारा एक शब्द ठेवायचा, बहुधा इंग्रजी 'एम'ची लांबलचक रांग आणि शेवटी 'एल-एल-आय'. तो एकेका फॉन्टमध्ये मांडून रुंदी मोजायची. रुंदी बदलली, म्हणजे फॉन्ट मशीनवर आहे. क्षणभराचं काम, आपल्याला पत्ताही लागत नाही. आता कृतिदेव आहे, श्री-लिपी आहे, भाषा मराठी, वेळ भारताची आणि स्क्रीन अमुक आकाराची, अशी नेमकी जुळणी जगात किती मशीनवर असेल? माझं नाव विचारायची गरजच उरत नाही.

हे तपासायला अमेरिकेतल्या ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेची 'कव्हर युअर ट्रॅक्स' नावाची फुकट चाचणी आहे. 2010 मध्ये ती 'पॅनोप्टिक्लिक' नावाने आली, तेव्हा सुमारे 4,70,000 ब्राउझरांपैकी 83.6 टक्के एकमेवाद्वितीय निघाले. हा आकडा प्रत्येक लेखात फेकलेला असतो. पण अशा चाचणीला जातं कोण? माझ्यासारखे चौकस लोक, ज्यांनी मशीनमध्ये आधीच दहा उद्योग करून ठेवलेले असतात. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी एका मोठ्या फ्रेंच साइटवरचे वीस लाखांहून जास्त ठसे तपासले, तर एकमेव निघाले 33.6 टक्के. म्हणजे दुकानातून आणलेला लॅपटॉप जसाच्या तसा वापरणारा गर्दीत बऱ्यापैकी लपतो. सापडतो तो हौशी, आणि ज्याची भाषा नि फॉन्ट चारचौघांपेक्षा वेगळे तो.

मुलवाड या दुसऱ्या जातीच्या लोकांसाठी आहे. स्वीडनमधली मुलवाड ही व्हीपीएन कंपनी आणि टॉर प्रोजेक्ट (ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारं टॉर हे जाळं नि त्याचा ब्राउझर बनवणारी संस्था) यांनी मिळून 3 एप्रिल 2023 रोजी तो आणला. आतून फायरफॉक्सच, टॉर ब्राउझरची सगळी राखण, फक्त टॉरचं संथ जाळं नाही. तो तुम्हाला लपवत नाही, सगळ्यांसारखं करून टाकतो. वारीत एकसारखी पांढरी टोपी घातलेल्या हजारोंतला एक कोण, हे ओळखणं कठीण, तसं. साइटला फॉन्ट ठरावीक यादीतलेच दिसतात, भाषा इंग्रजी, वेळ ग्रीनिचची. चाचणी पुन्हा केली तेव्हा फॉन्टांच्या रकान्यातून माझा सगळा डीटीपीचा संसार गायब होता. एवढ्यावरच मी खूश झाले.

आता कटकटी. पानाच्या चारी बाजूंना राखाडी पट्टे येतात. साइट बिघडलीय असं वाटतं, पण ते मुद्दाम आहे: पानाचा आकार ठरावीक टप्प्यांनीच बदलतो, म्हणजे तुमच्या स्क्रीनचं खरं माप साइटला कळत नाही. डार्क मोड साइटला सांगितलाच जात नाही, त्यामुळे रात्री पांढराफटक प्रकाश डोळ्यांत. झूम साइटगणिक लक्षात राहत नाही. ब्राउझर बंद केला की सगळी लॉगिन गेली. याची सवय होते.

वेळेची मात्र होत नाही. संध्याकाळी 5 ची ऑनलाइन मीटिंग पानावर सकाळी 11:30 दिसते. दर वेळी साडेपाच तास मिळवत बसायचं.

सगळ्यात वैताग आला तो एका परीक्षेचा अर्ज भरताना. भाच्याचा फोटो चढवला, साइटच्याच चौकटीत कापला, आणि 'पुढे' दाबल्यावर समोर काय? रंगीबेरंगी बारीक रेघा. चेहऱ्याचा मागमूस नाही. कारण असं: फोटो कापायला साइट कॅनव्हास नावाची सोय वापरते आणि तिच्यावरचं चित्र वाचून घेते. ठसे घेणारेही हेच करतात. न दिसणारं चित्र नि दोन शब्द काढतात आणि वाचून घेतात, कारण वेगवेगळ्या मशीनवर ते किंचित वेगळं उमटू शकतं. ब्राउझरला यातला साव कोण नि चोर कोण हे कळत नाही, म्हणून तो दोघांनाही कचरा देतो. पत्त्याच्या पट्टीत छोटं चिन्ह येतं, तिथून त्या साइटपुरती परवानगी देता येते. दिली, आणि फोटो नीट गेला. पण हे माहीत नसलेला माणूस सायबर कॅफेत जाऊन पैसे मोजणार.

जुन्या मराठी साइटी, ज्या युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टवर चालतात, त्या यात वाचताच येत नाहीत. फॉन्ट मशीनवर असून ब्राउझर तो वापरू देत नाही, मग इंग्रजी अक्षरांचा नुसता बाजार दिसतो. युनिकोड मराठीला काहीच अडचण नाही.

बँकेचं तर विचारू नका. दर वेळी नवीन मशीन समजून जादा प्रश्न, जादा ओटीपी. इथे मी बँकेला दोष देणार नाही. फसवणूक पकडायला त्याही ठसेच बघतात, आणि माझ्या खात्यात दुसऱ्याच मशीनवरून कोणी शिरलं तर ते कळावं अशी माझीही इच्छा आहेच. त्यामुळे बँक, आयकर, वीजबिल, ईमेल हे सगळं साध्या फायरफॉक्समध्ये. तिथे नावानेच जायचं असतं, लपण्यात अर्थ नाही. बातम्या, औषधांची माहिती, भावांची तुलना, फुकटची चौकशी हे मुलवाडमध्ये.

दोन ब्राउझर सांभाळायचे नसतील, एकच हवा असेल, तर ब्रेव्ह हा ब्राउझर बरा. त्याची रीत वेगळी: सगळ्यांसारखं करण्याऐवजी तो कॅनव्हास, आवाज वगैरेंची उत्तरं प्रत्येक साइटला किंचित बदलून देतो, म्हणजे एका साइटवरचा ठसा दुसरीकडे जुळत नाही. साइटी कमी मोडतात. मला त्याच्या क्रिप्टोच्या जाहिराती आवडत नाहीत, पण त्या बंद करता येतात.

एक्स्टेंशनांच्या नादी मात्र लागू नका. फायरफॉक्सवर 'मी क्रोम आहे' असं सांगणारं एक्स्टेंशन मित्राने मोठ्या हौसेने बसवलं होतं. साइटने टाइम झोन विचारला की क्रोम 'एशिया/कलकत्ता' म्हणतो आणि फायरफॉक्स 'एशिया/कोलकाता'. सोंग तिथेच उघडं पडतं, आणि सोंग घेतलेले ब्राउझर मोजकेच असल्याने उलट जास्त उठून दिसतं. 'माझा माग काढू नका' हा जुना पर्यायही असाच कुचकामी होता. फायरफॉक्सने 2025 मध्ये 135 व्या आवृत्तीतून तो काढूनच टाकला. मुलवाडमध्ये जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन आधीच असतं. त्यावर काहीही चढवायचं नाही, सेटिंगला हात लावायचा नाही. मराठी माणसाला हे जड जातं, मलाही गेलं.

एवढा खटाटोप आत्ताच कशाला, तर गूगलमुळे. 2019 मध्ये हीच कंपनी फिंगरप्रिंटिंग चुकीचं आहे असं सांगत होती. 16 फेब्रुवारी 2025 पासून तिने जाहिरातदारांवरची फिंगरप्रिंटिंगची बंदी सैल केली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने या निर्णयाला बेजबाबदार म्हटलं, त्याने फरक काही पडला नाही.

मुलवाड फोनवर नाही, फक्त विंडोज, मॅक आणि लिनक्सवर. फोनवर मी ब्रेव्ह ठेवलाय. ब्राउझर फुकट आहे. कंपनीचा व्हीपीएन वेगळा, महिना 5 युरो, आणि तो नसला तर आयपी पत्ता उघडाच राहतो. मी तूर्त घेतलेला नाही. माझं इंटरनेट गल्लीतल्या केबलवाल्याचं, एका आयपी पत्त्यामागे आख्खी सोसायटी असते. केबल बदलून फायबर घेतलं की पुन्हा हिशोब करीन.