दिव्यांग मुलांच्या शिक्षणहक्कांची पालक कार्यशाळा, नवी पेठ : जरूर जावे, पण दोन गोष्टी सुधारायला हव्यात

पुण्यात नवी पेठेत पालकांचाच एक गट अधूनमधून ही कार्यशाळा भरवतो. शनिवारी दुपारी तीन तास, फी दोनशे रुपये, मधे चहा. आमची नात पाचवीत आहे, तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचता-लिहिताना अडचण येते. मुलगा ट्रान्सपोर्टच्या गाडीवर निम्मा महिना बाहेर, सूनबाई हिंजवडीहून बसने घरी येईपर्यंत रात्र होते, त्यामुळे शाळेत जाणे-येणे, बाईंशी बोलणे माझ्याकडे. तिच्या शाळेने आम्हाला ‘हिला स्पेशल शाळेत घाला, इथे झेपणार नाही’ असे तोंडी सांगितले होते. म्हणून गेलो.

पैसे पूर्ण वसूल झाले.

सुरुवातीलाच वकीलबाईंनी विचारले, ‘शाळेने नाही म्हटले, ते कुणाकडे लेखी आहे?’ एकाचाही हात वर गेला नाही. मी जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर नोकरी केली. ज्या कागदावर आवक क्रमांक नाही, तो कागद कचेरीच्या लेखी आलेलाच नसतो, हे मी आयुष्यभर पाहिले. पण शाळेच्या बाबतीत आईबाप बिचकतात. पत्र दिले तर बाई मुलावर राग काढतील, अशी भीती असते. त्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाने हीच भीती बोलून दाखवली आणि वकीलबाईंनी ती हसण्यावारी नेली नाही. भाषा नरम ठेवा, मागणी नेमकी ठेवा, शेवटी लेखी उत्तराची विनंती करा, असे सांगून त्यांनी सगळ्यांकडून तिथल्या तिथे अर्ज लिहून घेतला. मुलाचे नाव, इयत्ता, तपासणीचा अहवाल कधीचा, कोणती सवलत हवी, कोणत्या कलमाखाली. दोन प्रती काढायच्या, आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का, सही आणि तारीख घ्यायची. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टने पाठवायचे आणि पावती फाइलला लावायची. हे शिकवणारे कुणी पालकांना भेटत नाही हो! डॉक्टर भेटतात, थेरपिस्ट भेटतात, अर्ज लिहायला शिकवणारे भेटत नाहीत.

कायद्याचा भाग त्यांनी थोडक्यात पण नीट घेतला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता त्यात येते. कलम ३१ असे, की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणजे पसंती घरच्यांची आणि मुलाची. शाळा सल्ला देऊ शकते, ढकलू शकत नाही. हे ऐकले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या मुलाने तोवर तीन शाळा बदलल्या होत्या.

मला जास्त कामाचे वाटले ते कलम १६. सरकारी असो की खासगी, मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्याच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, अध्ययन अक्षमता लवकर ओळखावी, असे त्यात आहे. या कलमात ४० टक्क्यांची अट नाही. ‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू’ म्हणणाऱ्या शाळेपुढे हे कलम ठेवायचे. दिव्यांगत्वाचा दाखला काढायचाच आहे, कारण बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती त्याशिवाय मिळत नाहीत. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. पण तोवर वर्गातली मदत थांबवायचे कारण नाही. आणि कलम १७ मध्ये जादा वेळ, रायटर (मुलाच्या वतीने उत्तरे लिहिणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सरळ शब्दांत लिहिलेले आहे.

विशेष शिक्षिकेचे सत्र लहान होते. तिने दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या. घरी शिकवायला कुणी ठेवायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेचा (विशेष शिक्षकांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. आणि शाळेकडून मुलाचा आयईपी, म्हणजे वर्षभराचा वैयक्तिक आराखडा, मागून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सांगितले, हेही तिच्याकडूनच कळले.

शाळा ऐकतच नसेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. गडचिरोलीच्या पालकाला त्यासाठी पुणे गाठावे लागते, आपल्याला आयुक्तालय इथेच, कॅम्पात चर्च रोडला आहे. पुण्यातल्या पालकांनी तरी तिथे जायला कचरू नये.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. हॉल दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्याची आई कडेवर घेऊन वर आली, दम लागून पायरीवर बसली. ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम आहे त्यांना वर पोहोचता येत नसेल तर हॉल बदला, फी शंभर रुपयांनी वाढवा, कुणी तक्रार करणार नाही. मी आयोजकांना हे तिथेच सांगितले आणि लिहूनही दिले. दुसरे, वाटलेले कागद इंग्रजीत होते. मागे दोन आज्या बसल्या होत्या, त्यांनी ते घडी घालून पिशवीत ठेवले. अर्जाचा नमुना तरी मराठीत हवाच.

अठरा वर्षांनंतरचा विषय शेवटच्या दहा मिनिटांत उरकला. मूल सज्ञान झाले की आईबापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत; स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येते. यावर प्रश्नांचा भडिमार झाला आणि वेळ संपला. यासाठी वेगळा शनिवार ठेवावा.

आमच्या अर्जाचे काय झाले? शाळेने पोच दिली, आठवड्यात बोलावले. चाचणीत जादा वेळ आणि काही उत्तरे तोंडी घेण्याचे मुख्याध्यापिकांनी लेखी दिले. भाषेच्या सवलतीचे उत्तर अजून यायचे आहे, स्मरणपत्र तयार आहे.

पाचपैकी चार गुण. जाताना प्रगतिपुस्तक, तपासणीचा अहवाल, मुलाच्या दोन-तीन वह्या आणि आधारची झेरॉक्स न्या. वह्या नक्की न्या. अर्जात ‘अडचण काय’ हे लिहिताना त्यांचाच आधार होतो.