कोल्हापूरच्या घरासाठी छोटा पाम: चामेडोरिया, रॅपिस की लिकुआला?

गगनबावड्याला आभाळ फाटतं, म्हणून कोल्हापूर शहराची हवा काही वर्षावनाची होत नाही. पावसाळ्यात इथे कुठलाही पाम खूश असतो. खरी परीक्षा शिमग्यापासून वळिवापर्यंत. पारा ३८ च्या आसपास, हवा कोरडी, दुपारी गॅलरीच्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. त्यामुळे दाट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा छोटा पाम घ्यायचा असेल, तर जुलैत नर्सरीत दिसणाऱ्या टवटवीवर भाळू नका. आपल्या घरातली एप्रिलची दुपार आठवा आणि मग निवडा.

पर्याय तीन. चामेडोरिया एलेगन्स हा दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या वर्षावनातला. बारीक खोड, नाजूक पिसासारखी पानं, कुंडीत चार-पाच फुटांपर्यंत. लिकुआला ग्रँडिस प्रशांत महासागरातल्या वानुआटू आणि सॉलोमन बेटांवरचा. जवळजवळ गोल, घडीदार, अखंड पानाचा. तिन्हींत देखणा हाच, यात वाद नाही. तिसरा रॅपिस एक्सेल्सा, दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामकडचा. बोटांसारखी विभागलेली पानं आणि काथ्यासारख्या तंतूंनी वेढलेली खोडं. काटेकोर बोलायचं तर रॅपिस उष्ण वर्षावनाचा नाही, पण वाढतो झाडांच्या सावलीतच, आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात उरलेल्या दोघांपेक्षा तोच चिवट निघतो. म्हणून तो या यादीत.

उजेडाचं लवकर सांगून टाकतो. चामेडोरिया कमी उजेडात सर्वांत समाधानी. फ्लॅटच्या हॉलमध्ये खिडकीपासून पाच-सहा फुटांवरही तो तग धरतो, वाढ मात्र मंदावते. रॅपिसलाही सावली चालते आणि सकाळचं कोवळं ऊनही तो सोसतो. लिकुआलाला भरपूर उजेड हवा, पण थेट ऊन नको. तो अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला तर नवीन पान येईपर्यंत तुम्ही त्याला विसरून जाल. पश्चिमेच्या गॅलरीत सावलीची जाळी न लावता तिघांपैकी एकही ठेवू नका. दुपारच्या उन्हात पान पांढुरकं होऊन करपतं आणि करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही.

निवड खरी ठरते ती हवेवर. लिकुआलाचं पान अखंड असल्यामुळे वाऱ्याला अडवतं आणि कडेपासून चिरत जातं. वर्षाला मोजकीच पानं येतात, म्हणजे एक चिरलेलं पान पुढे कितीतरी महिने डोळ्यांसमोर राहतं. वळिवाच्या आधी सुटणारा धुळीचा वारा आणि मार्चमधली कोरडी झळ, दोन्ही त्याच्या मुळावर येतात. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत चारी बाजूंनी भिंती असलेला चौक असेल, किंवा परड्यात भिंतीच्या आडोशाला आंब्या-नारळाची सावली असेल, तर लिकुआला जरूर लावा, तिथे तो शोभतो. राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या उघड्या गॅलरीत मात्र त्याच्यावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. थंडीची फार धास्ती नको. पारा दहाच्या खाली क्वचितच जातो. डिसेंबर-जानेवारीत लिकुआला नुसता थबकतो. त्या दिवसांत पाणी कमी करायचं, एवढंच.

चामेडोरियाला कोरड्या हवेत वेगळंच दुखणं जडतं: लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी, वरून पान धुरकट, ठिपक्याठिपक्यांचं. एसीच्या खोलीत आणि मार्च-एप्रिलमध्ये हे हमखास होतं. औषधाच्या आधी पाणी वापरून बघा. आठवड्यातून एकदा कुंडी मोरीत नेऊन पानांच्या खालच्या बाजूने शॉवर मारला, तर कोळी फारसा टिकत नाही. दिवसातून दोनदा फवारा मारल्याने खोलीतला दमटपणा वाढतो हा समज खुळा आहे, तो ओलावा काही मिनिटांत उडून जातो. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या एकमेकींना लगटून ठेवलेल्या बऱ्या. रॅपिसवर लाल कोळी कमी दिसतो, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण मात्र येतात. कापसाने पुसून निंबोळी तेल लावलं की ते आटोक्यात राहतात.

दुसरी कसोटी पाणी आणि माती, आणि इथे कोल्हापूरकरांचं हमखास चुकतं. नदीकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी असली, तरी कुंडीतल्या पामाला ती घात करते. पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते आणि अल्कधर्मी असल्यामुळे मुळांना लोह मिळत नाही. मग नवीन पानंच फिकी पिवळी निघतात. बोअरच्या जड पाण्याने हा त्रास वाढतो. कुंडीच्या मातीवर पांढरा थर दिसला की समजायचं. पन्हाळा-गगनबावड्याकडची तांबडी माती, कोकोपीट, मुरलेला पालापाचोळा आणि थोडा बारीक मुरूम असं मिश्रण तिघांनाही मानवतं. साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) स्वस्तात मिळतं, पण ताजं घालू नका, त्याची उष्णता मुळं भाजते. पूर्ण कुजलेलं असेल तरच, तेही मूठभर. कुंडीवर उसाच्या पाचटाचं आच्छादन घातलं की उन्हाळ्यात निम्मी काळजी मिटते.

पावसाचं पाणी साठवता आलं तर चामेडोरिया आणि लिकुआला दोघंही पानांतून उत्तर देतात. रॅपिसला बोअरचं पाणी तुलनेने चालतं. टोकं तपकिरी होतात, पण झाड खंगत नाही. तिन्ही पामांना महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं पाणी देऊन क्षार धुऊन काढा. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आले तर पालाशची (पोटॅशची) कमतरता समजा. अशी पानं लगेच कापू नका. झाड त्यातूनच पालाश ओढून नव्या पानाला देत असतं.

वाढीचा एक मुद्दा विकत घेताना कुणी सांगत नाही. चामेडोरिया एलेगन्स एका खोडाचा असतो. नर्सरीतली दाट कुंडी म्हणजे त्यात दाटीवाटीने लावलेली दहा-बारा रोपं. पुढे त्यातली काही आपोआप मरतात, त्याने घाबरू नका, आणि वेगळी करायलाही जाऊ नका, मुळं दुखावतात. पामाला वाढीचा शेंडा एकच असतो. उंची कमी करायला पोंगा छाटला तर ते खोड संपलं. रॅपिसला बुडातून फुटवे येतात, त्यामुळे एक खोड गेलं तरी झुपका राहतो आणि काही वर्षांनी एक फुटवा शेजाऱ्यालाही देता येतो. लिकुआलाचं खोड एकटंच. त्याच्या शेंड्यात पाणी साचून कुज लागली तर सगळंच गेलं.

किमतीत चामेडोरिया सगळ्यांत परवडणारा. रॅपिस हळू वाढतो, फुटवे वेगळे करूनच बहुधा वाढवतात, म्हणून महाग. लिकुआलाचं चांगलं रोप त्याहून दुर्मीळ. घेताना नावावर जाऊ नका, पान बघा. ‘टेबल पाम’, ‘बांबू पाम’, ‘फॅन पाम’ या नावांखाली वेगवेगळी झाडं विकली जातात. लिकुआला म्हणून गळ्यात मारला जाणारा एक पाम लिविस्टोना असतो. कोवळेपणी दोघांची पानं गोल दिसतात, पण लिविस्टोनाचं पान मोठं होताना बोटांसारखं फाटतं आणि झाड पुढे ताडासारखं उंच जातं. ‘अरेका पाम’ही छोटा समजून नेतात, तो जमिनीत लावला तर वीस फुटांच्या वर जातो, छोटा नाही. सह्याद्रीच्या कर्नाटक-केरळ भागात सावलीत वाढणारा पिनांगा डिक्सोनी नावाचा सुंदर पाम आहे. तो आवडला तरी रानातून उपटून आणू नये. रोपवाटिकेत मिळालाच तर लिकुआलासारखीच जागा त्याला द्यावी.

घरात मांजर-कुत्रं असेल तर चामेडोरिया आणि रॅपिस निर्धास्त ठेवा, दोन्ही विषारी नाहीत. चामेडोरियाला फळं आली तर त्यांचा गर हाताला लावून घेऊ नका, खाज सुटते. फळं धरायला नर आणि मादी अशी वेगळी झाडं लागतात, त्यामुळे घरात ती क्वचितच दिसतात.

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब आहे. २०१९ आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्कात पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा कुंड्या वर उचलून नेणं हेच मोठं काम होऊन बसलं. चामेडोरियाची कुंडी एकटा माणूस जिना चढून नेतो. पंधरा वर्षांचा रॅपिस दोघांनाही हलत नाही. पूररेषेत राहत असाल तर रॅपिस लहान कुंडीतच ठेवा, किंवा पहिल्यापासून माडीवर.

तेव्हा फ्लॅटमधल्या हॉलसाठी चामेडोरिया घ्या, लाल कोळ्यावर नजर ठेवा. वाऱ्याची गॅलरी, बोअरचं पाणी आणि वेळेची टंचाई असेल तर जास्त पैसे मोजून रॅपिस. बंद चौक आणि रोज बघायला माणूस असेल तरच लिकुआला. मृगानंतर घेतलेलं रोप उन्हाळ्याआधी रुळतं. मार्चमध्ये सवलतीच्या पाटीखाली दिसलं तर तिथेच राहू द्या.