पाच महिने, एक तापा बार आणि 1 युरो 80 सेंटचं पाणी

कालच्या बिलात पुन्हा तीच ओळ: ‘आग्वा’, म्हणजे पाणी, 1.80. म्हणून आज लिहायला बसलो, नाहीतर हा अनुभव मनातच राहिला असता.

बार स्पेनमधल्या सेविया शहराच्या माकारेना भागातला, घरापासून चालत चार मिनिटांवर. मे ते सप्टेंबर, ऑगस्ट सोडून, आठवड्यातून दोनदा तरी गेलो. नाव देत नाही, कारण तिथे अजून जेवायचंय. तापा म्हणजे छोट्या बशीत येणारा पदार्थ, मेदिया रासिओन म्हणजे त्याहून मोठी, अर्धी प्लेट. पण ग्रानादा शहरात पेयाबरोबर तापा फुकट मिळतो त्या गोष्टी ऐकून इथे येऊ नका. सेवियात सहसा प्रत्येक तापाचे पैसे पडतात. या बारमध्ये तीन ते चार युरो. उभ्याने काउंटरवर खाल्लं तर दोघांचं सोळा-सतरा युरोत आटोपतं. बाहेर टेबलावर बसलात की तेच पदार्थ थोडे महाग. मालक हिशेब लाकडी काउंटरवर खडूने लिहितो आणि पैसे घेतले की ओल्या फडक्याने पुसतो. पहिल्या दिवशी मला हे फार आवडलं. आता मी फडकं फिरायच्या आत बेरीज तपासतो.

जेवण चांगलं आहे, त्यात वाद नाही. सालमोरेहो हे गार सूप रोज सकाळी करतात. टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल, चक्क्यापेक्षा जरा सैल आणि एकदम गार. बाहेर 42 अंश असताना त्या वाडग्यासारखं दुसरं काही नाही. मात्र वरून हॅमचा चुरा भुरभुरतात, म्हणून शाकाहाऱ्यांनी आधीच ‘सिन हामोन’, म्हणजे हॅमशिवाय, म्हणावं. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, हॅम इथे बऱ्याच जणांच्या हिशेबात मांसात येतच नाही.

जूनमध्ये बाबा नागपूरहून तीन आठवड्यांसाठी आले. त्यांना सातला भूक लागते आणि या बारचं स्वयंपाकघर साडेआठला उघडतं. जूनमध्ये इथे सूर्यच पावणेदहाला मावळतो. 1940 पासून स्पेनची घड्याळं मध्य युरोपच्या वेळेवर चालतात वगैरे मी समजावून सांगितलं. “घड्याळाचं राहू दे, मला भूक लागून राहिली,” बाबा म्हणाले. मग रोज सात वाजता घरी पोहे आणि नऊला बार असं ठरलं.

बाबांना एस्पिनाकास कॉन गारबान्सोस मागवलं. पालक, काबुली चणे, जिरं, लसूण, लाल मिरचीची पूड, आणि दाटपणासाठी तळलेला पाव वाटून. पहिल्या घासाला ते काही बोलले नाहीत. दुसऱ्याला म्हणाले, “ही आपली पातळ भाजीच आहे रे. बेसनाच्या जागी पाव लावला यांनी, अन् दाणे विसरले.” पुढचे तीन आठवडे त्यांनी दुसरं काही खाल्लं नाही. या एका पदार्थासाठी मी या बारला डोळे झाकून पाचपैकी पाच देईन.

पण पाणी!

आम्ही विदर्भातली माणसं. आमच्याकडे हॉटेलात शिरलं की मेनूच्या आधी स्टीलचे पेले दणादण टेबलावर येतात. उन्हाळ्यात चौकाचौकात पाणपोई असते, अनोळखी माणसाला पाणी पाजल्याचं कुणी बिल करत नाही. इथे पहिल्याच रात्री बाबांनी पाणी मागितलं, छोटी बाटली आली, आणि काउंटरवर खडूने 1.80 उमटलं. शेजारी माझी छोटी बिअर 1.50. बाबा त्या दोन आकड्यांकडे बघत म्हणाले, “पाण्याचे पैसे घेऊन राहिले का हे? अन् दारूपेक्षा जास्त?” मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन शोधलं. स्पेनमध्ये 2022 चा 7 क्रमांकाचा कायदा आहे. त्यात हॉटेल-बारवाल्यांनी गिऱ्हाईकाला बाटलीबंद नसलेलं पाणी मोफत मिळण्याची सोय ठेवलीच पाहिजे, असं कलम 18 मध्ये लिहिलंय. कायदा तहानेसाठी नाही, कचऱ्यासाठी आहे, प्लास्टिक कमी व्हावं म्हणून. पण मला कारणाशी काय करायचंय. ते पान मोबाइलवर जपून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नळाच्या पाण्याचा जग मागितला. वाद झाला नाही, जग आला. पाणी मात्र आंघोळीचं. सेवियाच्या नळाला उन्हाळ्यात तसंच कोमट येतं. बर्फ मागितला तर मालक शांतपणे म्हणाला, “कायदा माद्रिदचा, बर्फ माझा.”

जुलैत याच मुद्द्यावर दोन तारे देणार होतो. अर्धा मजकूर लिहिलाही होता. मग ऑगस्ट उजाडला आणि शटरवर कागद लागला: सुट्टीनिमित्त बंद, 1 सप्टेंबरला भेटू. पूर्ण महिना! गल्लीतले आणखी दोन बारही बंद. नाइलाजाने कॅथेड्रलकडच्या पर्यटकांच्या भागात खाल्लं. तिथे पाणी 3 युरो, सालमोरेहो पॅकेटातलं असावं असं पातळ, आणि न मागता आलेल्या पावाच्या कांड्यांचेही पैसे. तेव्हा कळलं, आमचा खडूवाला त्या मानाने देवमाणूस. दोनाचे चार तारे केले.

आता मुख्य गोष्ट. बारच्या वरच्या फळीवर एक पांढरा मातीचा बोतिहो आहे. बोतिहो म्हणजे वर कडी, एका बाजूला भरायचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला बारीक चोच असलेला माठ. पाणी मातीतून पाझरतं, बाहेर वाळतं आणि आतलं गार होतं. हवा कोरडी लागते, म्हणून तो मुंबईत रुसेल, नागपुरात आणि सेवियात मात्र चालेल. पितातही आपल्यासारखंच, चोच ओठांना न लावता वरून धार धरून. बाबांनी तो पहिल्याच दिवशी हेरला होता. “माठ आहे तर रिकामा काहून ठेवला?” मी मालकाला विचारलं. त्यात प्लास्टिकची फुलं होती. शोभेला.

बाबा जाताना बजावून गेले, माठ घे. ऊन उतरायला लागल्यावर, म्हणजे सप्टेंबरात, शहराच्या त्रियाना भागातल्या भांड्यांच्या दुकानातून 14 युरोंना घेतला. आठ बाटल्यांची किंमत. काल तो पिशवीत घेऊनच बारमध्ये शिरलो. मालकाने पिशवीतून काढला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, बुडाशी अंगठा फिरवला. मग हळू आवाजात सांगितलं, की पहिले दोन-तीन दिवस पाण्यात थोडी बडीशेपेची दारू घालून ठेव, मातीचा वास जातो, माझी आजी तसंच करायची. मागच्या खोलीत गेला, अर्धी बाटली घेऊन आला, कागदाच्या कपात दोन बोटं ओतून दिली. तिचे पैसे घेतले नाहीत.

तोवर मला तहान लागली होती. मी पाणी मागितलं, त्याने गार बाटली ठेवली आणि खडू उचलला.