युनिटी एक्सपेरिमेंट फ्रेमवर्क : नोंदींची चोख व्यवस्था
आभासी वास्तवातील प्रयोग उभारताना संशोधकाचा बराच वेळ नोंदी सांभाळण्यात जातो आणि नेमके तेच ओझे युनिटी या खेळ व आभासी दृश्ये बनवण्याच्या सॉफ्टवेअरसाठीचे ‘युनिटी एक्सपेरिमेंट फ्रेमवर्क’ हे मुक्तस्रोत साधन उचलते. सत्र (सहभागी व्यक्तीची एक बैठक), गट (फेऱ्यांचा संच) आणि फेरी (प्रयोगातील एक चाचणी) अशी त्याची रचना असून, सत्राला दिलेली सेटिंग गटाने किंवा फेरीने बदलली नाही, तर ती खालपर्यंत आपोआप लागू होते. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. हेडसेट व कंट्रोलर यांची स्थिती आणि दिशा दर फ्रेमला टिपून सीएसव्ही या साध्या तक्त्यासारख्या फाइलमध्ये साठवता येते. सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेची ओळख मात्र हवीच. हेडसेट न काढता प्रश्नावली भरून घेण्यासाठी ‘व्हीआर क्वेश्चनेअर टूलकिट’ या आभासी दृश्यातच प्रश्न दाखवणाऱ्या साधनाची जोड द्यावी, कारण मध्येच बाहेर आलेल्या सहभागी व्यक्तीची तल्लीनता मोडते आणि पुष्कळदा तीच मोजायची असते.