बोटीवरच्या गोड्या पाण्याचा पंप: चौदा महिन्यांनंतर

हा पंप मी परत पाठवायच्या बेतात होतो. खोकंसुद्धा शोधून ठेवलं होतं. पाठवला असता तर बदली आलेला पंपही असाच हवा खात बसला असता, कारण बिघाड पंपात नव्हताच.

आधी वस्तूबद्दल. १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, मिनिटाला साधारण ११ लिटर. दाब ५० पीएसआयला पोचला की स्विच त्याला बंद करतो, नळ उघडून दाब उतरला की पुन्हा चालू. पहिल्या हंगामात पाण्याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. आवाज मात्र आहे. फळीवर करकचून आवळला तर सगळी केबिन ढोलासारखी घुमते. रबरी पाय चेपणार नाहीत इतपतच स्क्रू आवळले आणि पंपाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर लवचीक नळी टाकली, तेव्हा कुठे रात्री उठून कुणी पाणी प्यायलं तर बाकीचे झोपू शकले.

हंगाम संपल्यावर थंडीचा बंदोबस्त केला. टाकी रिकामी केली, गीझरमधलं पाणी काढून तो बायपास केला आणि न गोठणारं गुलाबी प्रॉपिलीन ग्लायकॉल नळांतून येईपर्यंत पंप चालवला. (इंजिनाच्या कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, पिण्याच्या लाइनीत ते घालू नये.) वाकायचा कंटाळा म्हणून मी एक आडवाट काढली. टाकी आणि पंपाच्या मध्ये कचरा अडवणारी गाळणी असते, तिची नळी पंपाच्या तोंडावरून काढली आणि तिथे दुसरा तुकडा लावून तो थेट ग्लायकॉलच्या डब्यात सोडला. सगळं भूत इथेच होतं.

थंडी सरली. टाकी भरली, स्विच दाबला. नळातून थोडं गुलाबी आलं, मग फुस्स. मोटर फिरतेच आहे, थांबायचं नाव नाही. मोटर फिरतेय म्हणजे फ्यूजच्या मागे लागण्यात काही अर्थ नव्हता, तरी मी तासभर तेच केलं. एक फायदा झाला: बॅटरीवर १२.६ व्होल्ट असताना चालत्या पंपाच्या टोकांवर ११.१ च मिळत होते. एक टर्मिनल हिरवंगार झालं होतं. ते घासलं, पंप जोमाने फिरू लागला, पाणी तरीही नाही.

मग सुचलं ते आधीच करायला हवं होतं. पंपाच्या तोंडाला हातभर नळी लावून ती बादलीत सोडली. काही सेकंदांत नळ धो धो. म्हणजे पंप निर्दोष, दोष टाकी ते पंप एवढ्या तीन-चार हातांत. टाकीचा व्हॉल्व्ह उघडा होता, हवेची नळी मोकळी होती. राहिली गाळणी. ती परत जोडली, तिच्या पारदर्शक वाटीवर टॉर्च धरला, तर कडेने बारीक बुडबुड्यांची माळ चाललेली. आट्यांच्या खाली केसाएवढी चीर. नख फिरवलं तेव्हाच हाताला लागली.

खाली थेंबभरही ओल नव्हती, म्हणून तिकडे संशय गेला नव्हता. पण माझी टाकी पंपाच्या खालच्या पातळीवर आहे. खेचणाऱ्या बाजूला अशी चीर पाणी बाहेर सोडत नाही, हवा आत घेते. आणि पंपाला हवा खेचणं पाण्यापेक्षा सोपं. ग्लायकॉल थेट पंपाला पाजल्यामुळे गाळणीच्या वाटीत साधं पाणीच राहिलं होतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, वाटीला ते झेपलं नाही. नवी वाटी, नवी ओ-रिंग, दहा मिनिटांचं काम.

इतक्यावर संपलं असतं तर बरं. पंधरा दिवसांनी रात्री पंप दर वीसेक मिनिटांनी दोन सेकंद गुरगुरायला लागला, एकही नळ उघडा नसताना. पंपापुढचा कॉक बंद केला की चिडीचूप. म्हणजे पंप दाब धरतोय, गळती पुढे कुठेतरी. तळात पाणी दिसलं. त्यात बोट बुडवून जिभेला लावलं (बोटीतल्या त्या पाण्याला बोटही लावू नये, पण रात्री दोनला शहाणपण नसतं). खारट नव्हतं. समुद्राचं नाही, आपलंच. मागच्या डेकवरच्या शॉवरचा मिक्सर फुटला होता. ग्लायकॉल काढताना मी त्याची फक्त गरम बाजू उघडली होती.

पंपाबद्दल खऱ्या तक्रारी दोनच. गाळणी सोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते, आणि ती लावल्याशिवाय पंप चालवणं म्हणजे टाकीतला कचरा पंपाच्या व्हॉल्व्हखाली अडकवून घेणं. दुसरं, वायरींची टोकं उघडीच असतात, उष्णतेने आकसणारी नळी त्यांवर पहिल्या दिवशीच चढवा. जोडण्यांना ओ-रिंग असतात, तिथे टेफलॉन टेप गुंडाळू नका, उलट गळतं. बाकी त्या एप्रिलात माझ्या कृपेने तो बराच वेळ कोरडा फिरला, तरी आज पाणी तसंच ओढतो.

टाकी तीनदा धुऊनही चहाला आठवडाभर गोडसर चव होती. गीझर मात्र मी गरम नळातून सलग, न फुसफुसता पाणी आल्यावरच चालू केला. रिकाम्या गीझरची कॉइल जळायला वेळ लागत नाही. यंदा ग्लायकॉल गाळणीच्या अलीकडून, टाकीच्या बाजूने ओढणार आहे, वाकावं लागलं तरी. शॉवरच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय: दोन्ही बाजू.