सेकंडहँड डीएसएलआर कॅमेरा, दोन ऋतूंनंतर: रबर सोडून बाकी झकास

२४ मेगापिक्सेल, क्रॉप (म्हणजे लहान आकाराचा) सेन्सर, कॅमेऱ्यासोबतच येते ती १८-५५ एमएमची किट लेन्स. बाकीचं सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सरळ रबरावर येतो.

मागे अंगठा टेकतो तिथलं रबर परभणीच्या एप्रिलनं सोडवलं. आधी कोपरा नखाएवढा उचलला, मग क्लिक करताना सापाच्या कातीसारखं सरकायला लागलं. शटर ठणठणीत, सेन्सर ठणठणीत आणि धरायची जागाच चिकट! सर्व्हिसला फोन लावला. संभाजीनगरला जमा करा, तिथून पुण्याला जाईल म्हणाले. "सर, नुसतं रबर नाही मिळत, मागचं अख्खं कव्हर बदलावं लागतं." आकडा ऐकला आणि फोन ठेवला. तेवढ्या पैशांत जुनी ५० एमएम एफ/१.८ लेन्स येते (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत). मग तीच घेतली.

रबराचं घरीच उरकलं. सुटलेलं परत चिकटवू नका. घाम-तेल पिऊन ते फुगलेलं असतं, खाचेत बसत नाही, कडेला घडी पडतेच. मॉडेलनुसार कापलेलं, मागे चिकटपट्टी असलेलं ऑनलाइन मिळतं. जुना गोंद कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचा, कॅमेऱ्यावर ओतायचं नाही. फेविक्विक तर नकोच, आजूबाजूला पांढरट धरतं.

आता या कॅमेऱ्याबद्दलचं मत कसं बदललं ते. रोलच्या जमान्यात माझ्याकडे यशिका कॅमेरा होता. स्टुडिओवाल्यानं ३६चा रोल धुवायला घेणं बंद केलं आणि छंद माळ्यावर गेला. हा कॅमेरा घेऊन हिवाळ्यात जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर गेलो, तर किट लेन्सच्या शेवटच्या टोकाला, ५५ एमएमवरही, रोहित पक्षी म्हणजे गुलाबी ठिपके. यापेक्षा मोबाइल परवडला, असं घरी बोलूनही दाखवलं.

मे महिन्यात पाहुण्यांना अजिंठा दाखवायला नेलं. लेणी क्रमांक १. फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला वेगळी परवानगी, आत उजेड जेमतेम. ५० एमएम लावली, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००, शटर १/३० सेकंद, कोपरं बरगड्यांना दाबून. भिंतीवरच्या चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातलं निळं कमळ, झुकलेल्या पापणीची रेघ, रंगाचा उडालेला पोपडासुद्धा आला! काळ्या भागात दाणे आहेत, असू द्या. किट लेन्सनं ५५ला, एफ/५.६वर, त्याच उजेडात १/३ सेकंद मागितलं असतं. एवढा वेळ माझा हात काही स्थिर राहत नाही. मोबाइलवाले पाहुणे नंतर माझ्याकडूनच फोटो मागत होते.

जुनी लेन्स घेताना आपल्या बॉडीवर (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) ऑटोफोकस चालतो का, ते दुकानातच बघा. काही स्वस्त बॉडींत फोकसची मोटर नसते, मग रिंग हातानं फिरवत बसावं लागतं.

मागचं नवं रबर उन्हाळा काढून गेलं. पण आता पुढच्या पकडीचा कोपरा उचलायला लागलाय. सुटा तुकडा महाग पडतो, मागचा-पुढचा संच स्वस्तात येतो. घेणाऱ्यानं एकदमच मागवावा.